फाटकासमोरचा कोहळा

आमच्या घरात खंडेनवमीला तलवारीची, गाडीची आणि बिल्ल्याची पूजा होते. तलवार सासऱ्यांच्या खापरपणजोबांची. ते म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. तिची धार केव्हाच गेली आहे. आता तिनं भेंडीसुद्धा चिरली जाणार नाही, हे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी बोलून दाखवलं आणि सासूबाईंचा आठवडाभराचा अबोला पदरात पाडून घेतला. बिल्ला मात्र चकचकीत आहे. सासरे सरकारी बसवर ड्रायव्हर होते आणि सबंध नोकरीत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही, म्हणून त्यांना तो मिळालेला. चांदीचा आहे. पाहुणे आले की चहाच्या आधी बिल्ला बाहेर येतो.

मी मूळची सांगलीची. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला आले आणि इथल्याच जुन्या मराठी घरात पडले. सासऱ्यांना मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. त्यांचं मराठी निम्मं कन्नड. 'नको' म्हणायचं तर 'बेडा', 'उगीच' म्हणायचं तर 'सुम्ने'. सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं माझ्याशी बोलता बोलता मधेच दुसऱ्या कुणाशी तरी बोलताहेत. आता माझ्याही तोंडात ते शब्द बसलेत. माहेरी गेले की आई हसते.

इथं खंडेनवमीला गाडी धुतात, हार घालतात, पुढं केळीचे खुंट बांधतात. मग कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू भरतात, त्यावर कापूर पेटवतात, गाडीवरून ओवाळतात आणि रस्त्यावर आपटून फोडतात. सगळी दृष्ट त्यात गेली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत लाल चिखल होतो. बाकीची घरं थोड्या वेळानं तो खराट्यानं कडेला सारतात. आमच्या घरात मात्र तसं करत नाहीत. ओवाळून टाकलेल्याला घरच्यांनी हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही, खराटासुद्धा लावायचा नाही. कोहळा फुटला तिथंच राहिला पाहिजे. नाहीतर काढलेली दृष्ट उलटून घरात येते.

आमचं जुनं घर म्हैसूर शहरात, नजरबादेत होतं, एका बोळात. त्या बोळात सायकल शिरली तरी लोक दारात येऊन बघायचे. तिथं फोडलेला कोहळा पाखरं खायची, मुंग्या न्यायच्या, कुणाचं काही बिघडायचं नाही. मग ते घर विकून आम्ही हूटगळ्ळीकडं नवं बांधलं. इथं फाटकासमोरूनच बस जाते, टेम्पो जातात, कारखान्याच्या पाळ्या सुटल्या की मोटरसायकलींचा पूर येतो. घर बदललं, रस्ता बदलला. कोहळा फोडायची रीत तेवढी होती तशी आली.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला संध्याकाळी मी खराटा घेऊन निघाले होते. मामा ओसरीवर बसलेले. तिथूनच ओरडले, "अगं बेडा! ते सुम्ने राहू दे बघ."

"मामा, रस्त्यात आहे. कुणी घसरलं म्हणजे?"

"ज्याला गाडी येते तो घसरत नाही."

आता बिल्लेवाल्यापुढं काय बोलणार? मी खराटा ठेवून दिला आणि आत जाऊन भांडी जरा जोरातच आपटली.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मी दाराला तोरण बांधत होते. एक मुलगी स्कूटरवरून आली. मागच्या गल्लीत राहणारी, एका कपड्याच्या कारखान्यात शिवणकामाला जाणारी. पायाशी डबा ठेवलेला, सणाला आईकडं निघाली असणार. आमच्या फाटकासमोर तिची स्कूटर एकदम आडवी झाली. मागून येणाऱ्या कारवाल्यानं कचकन ब्रेक मारला आणि कार तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबली. मी "देवा!" म्हणून श्वास सोडला, तेवढ्यात मागचा टेम्पो त्या कारवर येऊन आदळला. कार पुढं ढकलली गेली आणि तिचं चाक मुलीच्या पायावरून गेलं. तो आवाज मला अजून आठवतो. आठवला की तोरण बांधायला नको वाटतं.

सगळ्यात आधी मामा धावले. या वयात ते एवढे पळू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हात वर करून दोन्हीकडची वाहनं थांबवली, मुलीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, माझ्याकडून पाणी मागवून तिला घोट घोट पाजलं. "घाबरू नको मगळे, मी आहे," असं कन्नडमध्ये, लेकीला म्हणावं तसं, पुन्हा पुन्हा सांगत होते. तिला रिक्षात घातली तोवर गल्ली जमली होती. आणि गल्लीतले काका लोक काय म्हणत होते? "बायकांना गाडी द्यायचीच कशाला!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची स्कूटर पडली होती खरी, पण पाय मोडला तो कारच्या चाकाखाली, आणि ती कार ढकलली टेम्पोनं. तो टेम्पो चालवणारा कोण होता, बाई होती का?

मामा पोलिसांना समजावत होते. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं असतं, टेम्पोवाल्यानं ते कसं ठेवलं नाही. बोलणं अगदी बरोबर होतं. फक्त त्यांच्या चपला तळापासून लाल झाल्या होत्या. मी चपलांकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. तोवर गर्दीच्या पायांनी कोहळ्याचा नुसता राडा झाला होता. पोलिसांनी टेम्पोवाल्यावर गुन्हा नोंदवला आणि पंचनाम्यात लिहिलं, स्कूटरस्वाराचा तोल गेला. तोल का गेला ते कुणी विचारलं नाही, आणि आमच्या घरातून कुणी सांगितलं नाही.

आत्या आणि मी नारळ-केळी घेऊन तिला बघायला गेलो तेव्हा ती आईच्या घरी होती. पायात सळई घातलेली. शिवणाचं मशीन पायानं चालतं, त्यामुळं काम सुटलेलं. तिची आई चार घरची धुणीभांडी करायची, आता त्यातली दोन सोडून लेकीपाशी बसली होती. मुलीनं भरपाईचा दावा लावला होता. अशा अपघातांसाठी वेगळं न्यायाधिकरण असतं. त्यात कारवाला, टेम्पोवाला आणि दोघांच्या विमा कंपन्या, असे सगळे समोर उभे. मला वाटलं होतं सरळ आहे, टेम्पोनं ठोकलं, टेम्पोची कंपनी देईल. कसलं काय! टेम्पोची कंपनी म्हणत होती, कार अचानक थांबली. कारची कंपनी म्हणत होती, आम्ही वेळेत थांबलो होतो, टेम्पोनं ढकललं. आणि एका गोष्टीवर मात्र दोघींचं छान जमलं होतं. मुळात ही बाईच आपल्या हातानं पडली, तेव्हा दोष तिचाही आहे, आणि तिच्या दोषाचा हिस्सा भरपाईतून कापावा.

"मी त्या रस्त्यानं रोज जाते अक्का," ती मला म्हणाली. "कधी पडले का? लाल काहीतरी होतं, त्यावर चाक सरकलं. मी वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणतात, साक्षीदार आण. गल्लीत विचारलं तर प्रत्येक घर म्हणतं, आमचा कोहळा आम्ही त्याच संध्याकाळी झाडला."

आत्यांनी पदर सावरला आणि निघू या म्हणाल्या. मी उठले नाही. मुलीनं आत्यांकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाली, "तुमच्याच फाटकासमोर होता ना?"

मी मान हलवून हो म्हटलं. दुसरं काय करणार होते?

"मला माहीत आहे. पण अज्जांचं नाव मी कशी घेऊ? सगळे बघत उभे होते, त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. वकीलबाईंनासुद्धा सांगितलं नाही मी."

येताना बसमध्ये आत्या माझ्या शेजारी बसल्या. मला इतकी लाज वाटत होती की खिडकीबाहेर बघून मी डोळे पुसले. आत्यांनी ते बघितलं आणि पिशवीतला रुमाल माझ्या मांडीवर ठेवला.

जेवताना मी विषय काढला. सबुरीनं काढायचा ठरवलं होतं, पण माझा स्वभाव! पहिल्या घासालाच म्हणाले, "मामा, तिच्या पैशातून आपल्या कोहळ्याचे पैसे कापणार आहेत."

"कोहळ्यानं अपघात होत नाही," मामा शांतपणे म्हणाले. "ब्रेकनं होतो. तिनं पुढचा ब्रेक दाबला असणार."

"घसरल्यावर माणूस ब्रेकच दाबणार ना!"

माझ्या नवऱ्यानं मला डोळ्यांनी गप्प केलं. नंतर खोलीत म्हणाला, त्यानं ओळखीच्या वकिलाला आधीच विचारून ठेवलंय. अप्पा, म्हणजे मामा, या दाव्यात कुठंच नाहीत. कोहळ्याला काही विमा नसतो. उद्या साक्षीला उभे राहिले आणि कबूल केलं, तर त्या कंपन्या सगळं खापर यांच्या डोक्यावर फोडायला मोकळ्या, शिवाय रस्त्यात अडथळा केला म्हणून पोलीसही येऊ शकतात. आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घ्यायचा? तो वाईट माणूस नाही. वडिलांसाठी घाबरला होता, आणि त्याची भीती खोटी नव्हती. म्हणून मला त्याच्याशी धड भांडताही येईना.

काही दिवस मी मूग गिळून राहिले. माझ्यासाठी तेही पुष्कळच. एका रविवारी सकाळी मामा बिल्ला पुसत ओसरीवर बसले होते. मी चहा नेऊन ठेवला आणि राहवलं नाही. म्हटलं, "मामा, त्या मुलीला माहीत आहे कोहळा कुणाचा ते."

फडकं थांबलं. "मग तिनं सांगितलं का नाही?"

"तुम्ही तिला पाणी पाजलंत म्हणून."

चहावर साय धरली. मग त्यांनी बिल्ला फडक्यात गुंडाळून खिशात टाकला आणि फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडं बघत उभे राहिले. परत आले ते मलाच म्हणाले, नवऱ्याला नाही. "तिच्या वकीलबाईंचा नंबर आहे का तुझ्याकडं?"

घरात मोठाच तमाशा झाला. नवरा म्हणाला, अप्पा, अंगाशी येईल. आत्या म्हणाल्या, या वयात कोर्टाची पायरी. मामा दोघांना एकच सांगत होते, "तप्पु नंदे." चूक माझीच. कन्नडमध्ये म्हणाले की त्यांचं म्हणणं पक्कं झालं असं समजायचं. त्यानंतर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

साक्षीला मी त्यांच्याबरोबर गेले. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. कोर्टात पंख्याचा आवाज एवढा की पुढं बसल्याशिवाय ऐकू येत नव्हतं, म्हणून मी सरळ पुढं जाऊन बसले. मुलगी कुबडी भिंतीला टेकवून बसली होती. मामांना पिंजऱ्यात बघून ती अर्धवट उठली. तिच्या वकीलबाईंनी तिला खाली बसवलं.

वकीलबाईंनी विचारलं तेवढं मामांनी नीट सांगितलं. कोहळा माझा, मी फोडला, फाटकासमोर रस्त्यावर, सकाळी तिथंच होता, तिची स्कूटर त्यावरूनच घसरली. मग टेम्पोच्या कंपनीचा वकील उठला. तरुण, हुशार, आवाज गोड. मला तो तेव्हाच आवडला नाही.

"तुम्ही बस चालवत होता. कधी निष्काळजीपणा केलात?"

"नाही."

"बिल्ला मिळालाय तुम्हाला."

"होय."

"म्हणजे रस्त्यावर धोका कशाला म्हणतात ते तुम्हाला कळतं."

"कळतं."

"कोहळा संध्याकाळी बघितलात? सकाळीही बघितलात?"

"दोन्ही वेळा बघितला."

"उचलला नाहीत."

"आमच्या घरात उचलत नाहीत, स्वामी."

वकील हसला. आता त्याला हवं ते मिळणार होतं. "समजा तुम्ही बस घेऊन त्या रस्त्यानं चालला असता आणि पुढं असा कोहळा दिसला असता. तुम्ही काय केलं असतं?"

मामा लगेच बोलायला गेले आणि थांबले. मला त्यांचे हात दिसत होते. त्यांनी कठडा असा धरला होता, स्टिअरिंग धरावं तसा. पंखा आवाज करत होता.

"गाडी थांबवली असती," ते म्हणाले. "कंडक्टरला खाली उतरवून सगळं बाजूला करवलं असतं. मगच गाडी पुढं नेली असती."

"मग अपघात कुणामुळं झाला?"

"ती पडली माझ्यामुळं," मामा म्हणाले. "तिचा पाय मोडला तो टेम्पोवाल्यानं अंतर ठेवलं नाही म्हणून. दोन्ही लिहून घ्या."

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि टायपिस्टला ते तसंच लिहायला सांगितलं. एरवी या माणसाच्या हट्टापायी मी किती भांडी आपटली असतील, पण त्या घटकेला मला मोठ्यानं सांगावंसं वाटलं, हे माझे सासरे आहेत.

निकाल यायला वेळ लागला. मधे एक दसरा गेला. त्या वर्षी मामांनी खांदा दुखतो म्हणून कोहळा नवऱ्याच्या हातात दिला आणि त्यानं तो फाटकाच्या आत, अंगणात फोडला. मग निकाल आला. मुलीचा दोष नाही. रस्त्यावर घसरण होती, तोल कुणाचाही गेला असता. बहुतेक सगळी जबाबदारी टेम्पोवर, थोडी कारवर. कार अंतर सोडून थांबली होती, मग तिच्यावर थोडी तरी का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. भरपाई त्या प्रमाणात दोन्ही कंपन्यांनी द्यायची आणि तिच्या वाट्यातून काहीही कापायचं नाही. कोहळ्याबद्दल एवढंच होतं की तो फोडणारा या दाव्यात पक्षकार नाही, सबब त्याच्यावर जबाबदारी ठरवण्याचा प्रश्न येत नाही.

नवऱ्यानं ती ओळ मामांना दोनदा वाचून दाखवली. पेढे आणले. पोलीस आले नाहीत, कुणी नोटीस पाठवली नाही, त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. "अप्पा, तुमच्यावर काहीच नाही," तो म्हणाला. "आयतु! झालं, सुटलात."

मामांनी पेढा घेतला. "त्यांनी सोडलं," एवढंच म्हणाले आणि टीव्ही लावला.

मुलीनं त्या पैशातून हातानं चालवायचं, मोटर लावलेलं शिवणाचं मशीन घेतलं आणि घरीच ब्लाऊज शिवायला लागली. माझे ब्लाऊज आता तीच शिवते. गळा नेहमी मी सांगते त्यापेक्षा मोठा करते आणि वर मलाच ऐकवते, "अक्का, तुम्हाला शोभतो." चालताना पाय किंचित ओढते. स्कूटर तिनं परत घेतली नाही.

पुढची खंडेनवमी आली. मी पाट मांडला, तलवार ठेवली, गाडीची किल्ली ठेवली. बिल्ला दिसेना. कपाटात बघितलं, देवघरात बघितलं. मामांना हाक मारून विचारलं, बिल्ला कुठं आहे?

"ठेवलाय आत."

"द्या की. पूजा व्हायचीय."

"राहू दे," मामा म्हणाले. "ते अपघात न केलेल्याला देतात."

आम्ही तलवारीला आणि किल्लीला हळद-कुंकू वाहिलं. मग मामांनी स्वतः कोहळा घेतला. अंगणात नाही, फाटकाबाहेर गेले. गाडीवरून ओवाळला, कापूर विझू दिला आणि पूर्वीसारखाच रस्त्यावर आपटला. लाल शिंतोडे त्यांच्या धोतरावर उडाले. गाडी नवऱ्यानं चाकांखाली ठेवलेल्या लिंबांवरून पुढं घेतली. आणि मामा आत आले, माझ्या हातातलं सूप घेतलं, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि बाहेर जाऊन वाकून बसले. आधी मोठी शकलं हातानं उचलून सुपात टाकली. मग बिया, मग गर.

आत्या फाटकातून किंचाळल्या, "अय्यो, ओवाळून टाकलेलं हातात घेताय! दृष्ट लागेल तुम्हाला!"

मामांनी वर बघितलंही नाही. "लागू दे मला," ते म्हणाले. "त्या वेळी तिला लागली."

रस्त्यावर लाल डाग उरला होता. मी आतून पाण्याची बादली आणली.